कडं निघेपर्यंत

वच्छला शनिवारी सकाळी गेली. तिला न्यूमोनिया झाला होता. नागपूरला सहा दिवस होती. तिच्या मुलाने मला फोन केला. मी फोन ठेवला, गॅसवरचं दूध उतरवलं आणि खुर्चीत बसले.

त्यानंतर बरेच दिवस मी काही लिहिलं नाही. वाचन चालू होतं, पण पान उलटल्यावर मागचं आठवायचं नाही. मग या अंकाच्या संपादकांनी विचारलं की नोकरीतल्या आठवणी लिहाल का. मी आयुष्यभर ईसीजी काढण्याचं काम केलं. आमच्या डॉक्टरांनी आधी पांढुर्ण्याला दवाखाना चालवला, पुढे सौंसरला आणला. मी दोन्हीकडे त्यांच्याबरोबर होते. आठवायला बसले की दर वेळी वच्छलाच समोर येते, तेव्हा तिच्याबद्दलच लिहिते. वाचणाऱ्यांनी काळजी करू नये. ती हसवणारी बाई होती, आणि तिच्यावर रडका लेख लिहिलेला तिला चालला नसता.

आधी काम काय ते सांगते. ईसीजी म्हणजे हृदयाचा फोटो, असं बहुतेकांना वाटतं. एक आजोबा तर कागद पाहून म्हणाले होते, "फोटोत दिल कुठं आहे, बाई? ह्या तर डोंगर-दऱ्या आहेत." हृदयाचा प्रत्येक ठोका पडण्याआधी त्यातून विजेची एक बारीक लाट जाते. ती कातडीपर्यंत पोचते तेव्हा अगदी क्षीण झालेली असते. हातापायांना चिमटे आणि छातीवर रबरी फुग्यांच्या सहा वाट्या लावल्या की मशीन ती लाट पकडतं आणि चौकटींच्या कागदावर रेघ ओढतं. मला शिकवलं होतं ते इतकंच, की वीज हुकूम देते आणि स्नायू ऐकतो. स्नायूला ताण बसला, धक्का बसला, छातीतला दाब वाढला, तर विजेचीही चाल बदलते, हे मला कोणी शिकवलं नाही. ते पेशंटांनी शिकवलं.

पांढुर्ण्यात नोकरी केली म्हटलं की लोक नदीवरच्या गोटमारीबद्दल, म्हणजे जत्रेतल्या दगडफेकीबद्दल, विचारतात. त्या दगडांवर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला आठवतो तो संत्र्याचा एक व्यापारी. छाती जड वाटते म्हणून आला होता. टेबलावर पडल्या पडल्या म्हणाला, "मॅडम, लवकर आटपा. माझी गाडी भरून राहिली तिकडं." मी मशीन सुरू केलं. दहा-बारा ठोके नीट आले आणि मग रेघेची टोकं एकदम रुंद झाली, एकमेकांत घुसली. त्याचे डोळे वर गेले. मी ओरडले. डॉक्टर शेजारच्या खोलीतून आले, कागदाकडे एकदा पाहिलं आणि मूठ वळून त्याच्या छातीच्या मधोमध एक ठोसा मारला. रेघ सपाट झाली. मग एक ठोका आला. मग दुसरा. मग सगळे ओळीत आले.

व्यापाऱ्याने डोळे उघडले. "काहून मारलं?"

डॉक्टरांनी त्याच्या मनगटावर बोटं ठेवली. ते म्हणाले, "तुमची गाडी भरून राहिली ना, म्हणून."

त्याला लगेच नागपूरला पाठवलं. महिन्याभराने तो बरा होऊन आला तो संत्र्यांची पेटी घेऊन, आणि पुढे वर्षभर तो बाजारात ज्याला त्याला सांगत असे, "डॉक्टरनं मले मुक्का मारला अन् मी जिता झालो." त्याचा परिणाम असा की एक म्हातारे गृहस्थ खास मुक्का खायला आले. त्यांची कंबर दुखत होती.

डॉक्टरांनी मला ठोशाच्या दिवशीच समजावलं. हृदयाच्या पेशींच्या भिंतींना बारीक दारं असतात. काही दारं ताण बसला की उघडतात आणि क्षारांचे भारित कण आतबाहेर करतात. म्हणजे धक्क्याची वीज होते. भलत्या चालीत अडकलेलं हृदय अशा धक्क्याने एखादे वेळी रुळावर येतं. "पण हाच ठोसा चांगल्या हृदयावर नको त्या क्षणी बसला तर ते थांबूही शकतं," ते म्हणाले. "मी आज जुगार खेळलो. तू कोणाला शिकवू नकोस." मी शिकवलं नाही, आणि वाचणाऱ्यांनीही शिकू नये.

दुसरी आठवण साधी आहे. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलीला तिचे वडील घेऊन आले. रेघेतले ठोके कधी जवळ, कधी लांब. वडील घाबरले. "मॅडम, मशीन बिघडली का पोरगी बिघडली?" मी तिला सावकाश श्वास घ्यायला सांगितला. श्वास आत जाताना ठोके जवळ येत, बाहेर सोडताना लांब जात. तरुण, धडधाकट हृदयाचं ते लक्षण असतं. छाती फुगते-बसते तशी आतल्या चालीलाही भरती-ओहोटी येते. मी म्हटलं, "दोघीही नीट आहेत. पोरगी श्वास घेऊन राहिली, एवढंच." वडील इतके खूश झाले की त्यांनी तो कागद घरी भिंतीला लावायला मागितला.

एवढं माहीत असून मी वच्छलाच्या बाबतीत चुकले.

ती पहिल्यांदा आली तेव्हा दवाखाना सौंसरला होता. लोधीखेड्याकडच्या एका गावातून नवऱ्याच्या मोटरसायकलवर बसून आली. उंच, हाडापेराने मजबूत, कपाळावर घाम. गावच्या शाळेत ती मुलांचं दुपारचं जेवण रांधायची. ते काम बायकांच्या एका समूहाकडे होतं आणि समूहात सगळ्यांत जुनी स्वयंपाकीण ही.

"काय होतं?" मी विचारलं.

"ताई, छातीत चिमणी फडफडते. एकदम येते, एकदम जाते. ती आली का डोळ्यापुढं अंधारी येते."

तिचा नवरा सुखदेव दाराला टेकून उभा होता. "अन् दवाखान्यात आली का चिमणी उडून जाते. जांच करावं तं सारं बराबर. हे नाटक कंपनी आहे, मॅडम."

"तू गप रे," ती म्हणाली. "तुझी गाडी एवढी उसळते, चिमणी काय, घार असती तरी उडाली असती."

मग तिने मला खरी गोष्ट सांगितली. आठ दिवसांपूर्वी शाळेत डाळीच्या उकळत्या गंजाजवळ, म्हणजे मोठ्या पातेल्याजवळ, ती मटकन खाली बसली. गंज सांडला नाही, नशीब. समूहाच्या अध्यक्ष कमलाबाई तिला म्हणाल्या, "बीमारी असन तं दवाखान्याचा कागद आण, इलाज कर अन् ये. अंगात येत असन, नाही तं ढोंग असन, तं तुले आगीपाशी उभं राहू देणार नाही. लेकरं असतात आजूबाजूले." कमलाबाईंचं काही चुकत नव्हतं. महिन्याभरात कागद आला नाही तर वच्छलाच्या जागी दुसरी बाई घेणार होत्या.

"मले घरी बसवलं तं मी कोण आहे मंग?" वच्छला म्हणाली. "गावात मले कोणी नावानं बोलवत नाही, ताई. शाळेवाली म्हणतात."

मी म्हटलं, "आधी अंगावरचं धातूचं सगळं काढा."

हा माझा नियम होता. मी शिकले तेव्हाची मशीनं जुनी होती, रेघ जरा जरा कारणाने थरथरायची, आणि आम्हाला शिकवणाऱ्या बाई बांगडीसुद्धा ठेवू देत नसत. पुढे मशीनं बदलली. नियमाची तशी गरज उरली नव्हती. मी तो सोडला नाही. बायका बांगड्या, मंगळसूत्र, जोडवी काढून माझ्या स्टीलच्या ताटलीत ठेवत आणि मला वाटे की काम शिस्तीत चाललं आहे.

वच्छलाच्या पायात चांदीची भरीव कडी होती. लग्नात घातलेली, आणि उकिडवं बसून बसून घोटे जाड झालेले. ती स्टुलावर बसली, वाकून गुडघ्यावर छाती दाबली, श्वास कोंडला, दात आवळले आणि कडं ओढायला लागली. तोंड लाल झालं. मी साबणाचं पाणी आणलं. पहिलं कडं निघालं तेव्हा ती मोठ्याने "हाऽ" करून मागे रेलली. दुसऱ्याला आणखी वेळ लागला. मग ती टेबलावर पडली. मी चिमटे लावले. रेघ आली ती धड्याच्या पुस्तकातल्यासारखी: एका मिनिटात बहात्तर ठोके.

डॉक्टरांनी कागदावर 'नॉर्मल' लिहिलं. सुखदेव म्हणाला, "पाह्यलं?"

पुन्हा कडी घालताना ती खाली मान घालून म्हणाली, "मघा होती वो, ताई. खरंच होती."

बारा-तेरा दिवसांनी ती पुन्हा आली. तसाच घाम, तशीच धाप. मी तेच म्हटलं, तिने तेच केलं, कागद तसाच निघाला. या वेळी डॉक्टर तिच्याशी बराच वेळ चांगलं बोलले, पण काय बोलले ते मला माहीत होतं: झोप लागते का, घरात काही ताण आहे का. ती बाहेर आली. "डॉक्टरसाहेब म्हणतात मनाचं आहे. माझं मन शाळेच्या भातात असते, ताई. त्याले दुसरं कुठं जायले सवडच नाही."

मला हसू आलं आणि मग लाज वाटली.

तिसऱ्या वेळी सुखदेव तिला दवाखान्यात सोडून कापसाच्या कामाला निघून गेला होता. ती खोलीत आली ती सरळ टेबलावर आडवी झाली. "अंधारी येऊन राहिली." मी घाईने चिमटे लावले, मशीन सुरू केलं, आणि तेवढ्यात माझी नजर पायांकडे गेली.

"अहो, कडी राहिली!"

आज मला हे लिहिताना स्वतःचा राग येतो आणि हसूही येतं. बाईला समोर घेरी येते आहे, आणि मी कडी काढायला सांगते आहे. आणि ती बिचारी उठली. चिमटे लावलेल्या हातांनीच वाकली, श्वास कोंडला, आणि ओढू लागली. गडबडीत मशीन बंद करायचं राहिलं. कडं निघालं, तिने "हाऽ" केलं आणि म्हणाली, "गेली."

"काय गेली?"

"चिमणी. आत्ता. कडं निघालं का जाते."

मी कागदाच्या बाबतीत चिक्कू. फुकट गेलेली पट्टी फाडून टाकायला वाकले तर जमिनीवर हातभर कागद पडला होता. पहिल्या भागात टोकं इतकी दाट होती की फणीचे दात वाटावेत. ओढाताणीने रेघ थरथरली होती, पण टोकं मोजता येत होती. मी मोजली: मिनिटाला एकशे ऐंशीच्या वर. मग एक मोकळी जागा. बोटाच्या दोन पेरांएवढी. त्यानंतर शांत, सुटे सुटे ठोके, बहात्तरचेच.

मी पट्टी घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेले. समोर पेशंट बसला होता. मी कधी असं आत गेले नव्हते. डॉक्टरांनी चष्मा वर केला, पट्टीवर बोट ठेवून चौकटी मोजल्या, त्या मोकळ्या जागेपाशी थांबले.

"कुठलं औषध दिलं तिला?"

"काही नाही. तिने पायातलं कडं काढलं."

ते इतके हसले की समोरचा पेशंटही कारण नसताना हसायला लागला.

झालं होतं ते असं. काहींच्या हृदयात जन्मतःच विजेला एक जादा वाट असते. एखादे वेळी लाट पुढे जायचं सोडून त्या वाटेने मागे वळते आणि घाण्याच्या बैलासारखी गोल गोल फिरत बसते. प्रत्येक फेरीला एक ठोका. ही फेरी तोडायला एक जुना उपाय आहे: श्वास कोंडून जोर लावायचा. छातीतला दाब वाढतो, हृदयाकडे येणारं रक्त कमी होतं. जोर सोडला की रक्त एकदम येतं, मानेतल्या आणि छातीतल्या मोठ्या नळ्या ताणल्या जातात, आणि तिथली नस हृदयाला सावकाश हो म्हणून कळवते. फेरी तुटते. डॉक्टर लोक हे मुद्दाम करवून घेतात. मी ते अजाणता करवून घेत होते, तेही कागद सुरू करायच्या आधी. चोर पकडायला बसलेल्या शिपायाने रोज दार उघडून त्याला बाहेर सोडावं, तसं मी दोनदा केलं होतं.

डॉक्टरांनी वच्छलाला आत बोलावलं. "बाई, तुमचा आजार खरा आहे. आता कागदावर आला."

ती उभी होती ती खाली बसली. जमिनीवरच. "खरा आहे ना?" तिने दोनदा विचारलं. आजार खरा निघाल्यावर इतका आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मग डॉक्टरांनी तिच्या हातात दहा मिलीची रिकामी सिरिंज दिली. तोंडाने फुंकून आतला दट्ट्या जरासा हलेल इतका जोर पंधरा मोजेपर्यंत लावायचा, मग उताणं पडून पाय वर करायचे. चिमणी आली की हे करायचं. "करून दाखवा."

वच्छलाने सिरिंज तोंडात धरली आणि फुंकलं. दट्ट्या सुटला आणि थेट समोरच्या कॅलेंडरवर जाऊन आदळला.

"अहो, जरासा!" डॉक्टर म्हणाले.

"साहेब, मी वीस वर्षं ओली लाकडं फुकली आहेत," ती म्हणाली. आणि बोलता बोलता थांबली. "ताई... चूल होती तवा चिमणी कधी एवढी टिकतच नव्हती. आली का मी फुकणी घेऊन जाळ फुकाची, अन् ती जायची. मले वाटे, चुलीपाशी जिवाले बरं वाटते. मागच्या साली शाळेत गॅस आला अन् चिमणीनं घरच केलं."

डॉक्टरांनी दट्ट्या उचलला, सिरिंजमध्ये परत बसवला आणि मला म्हणाले, "बघ. वीस वर्षं ही स्वतःचा इलाज करत होती. आपण गॅस दिला आणि औषध काढून घेतलं." त्यांनी गोळी लिहून दिली, निदान लिहून दिलं आणि नागपूरला जाऊन ती जादा वाट कायमची बंद करून घेता येते, तेही सांगितलं. वच्छला म्हणाली, "ते मंग पाहू. आधी कमलाबाईले पाहतो."

पण कागद हातात असून काम झालं नाही. दोन दिवसांनी तिचा फोन आला. कमलाबाईंनी कागद उलटासुलटा करून पाहिला होता. समूहातली एक जण म्हणाली होती, फुकून जाते ती कसली बीमारी? फुकून तं भूत जाते. "ताई, तुम्ही येता का? तुम्ही शिकलेल्या आहात."

मी दवाखान्याच्या कामासाठी कुणाच्या गावी कधी गेले नव्हते. गर्दीत बोलणं मला जमत नाही; लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी पुस्तक पिशवीत ठेवून जाते. पण दोन कागद माझ्यामुळे चुकीचे निघाले होते. मी बसने गेले.

शाळेच्या ओट्यावर पाच बायका बसल्या होत्या. मुलांची जेवणं झाली होती, गंज घासून पालथे घातले होते. मी पट्टी उलगडली आणि जादा वाट, बैल, घाणा असं सगळं सांगितलं. त्या ऐकून घेत होत्या. कमलाबाई म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही सांगता ते खरंच असन. पण फुकल्यानं दिल कसं काय बदलन? दिल काय जाळ आहे?"

मला एकदम सुचलं. "तुम्हीच पाहा. बोट असं मानेवर ठेवा. जबड्याच्या खाली, हलक्या हाताने. ठोका लागतो?"

"लागते."

"आता तोंड मिटून, नाक दाबून, जोर लावा. मी दहा मोजते. मग सोडा, आणि बोटाकडे लक्ष ठेवा."

पाच बायका ओळीने गाल फुगवून, नाक चिमटीत धरून बसल्या. नेमके तेव्हाच हेडमास्तर दारात आले, त्यांनी तो देखावा पाहिला आणि काही न विचारता परत गेले. मी दहा म्हटलं. सगळ्यांनी श्वास सोडला.

मग सगळ्यांत लहान बाई म्हणाली, "अवं माय! सावकाश झालं व!"

"माझंही."

"माझं तं आधी पळालं, मंग थांबल्यासारखं झालं."

कमलाबाईंचं बोट अजून मानेवर होतं. चेहरा उतरला होता. "मॅडम, माझा एक ठोका चुकला. मलेही आहे का हे?"

वच्छला खांबाला टेकून उभी होती. ती म्हणाली, "अध्यक्ष, कागद आणा. कागद आणल्याशिवाय आगीपाशी उभं राहू देणार नाही."

आधी कमलाबाईच हसल्या, म्हणून बाकीच्या हसल्या. मी त्यांना सांगितलं की ते सगळ्यांचंच होतं, काळजीचं कारण नाही. मग त्यांनी आपसात बोलून ठरवलं: वच्छलाने गोळी चुकवायची नाही, गंज उतरवायचा तो दोघींनी मिळून, आणि चिमणी आली की तिने सगळं सोडून बाजूला जाऊन पाय वर करायचे. "पण मास्तर नसतील तवाच," लहान बाई म्हणाली. ठराव झाला. वच्छलाने मला उरलेली डाळ-पोळी वाढली. मी शाळेत जेवले ते त्या दिवशी, चाळीस वर्षांनी.

पुढच्या उन्हाळ्यात, शाळेला सुट्टी लागल्यावर, ती नागपूरला जाऊन ती वाट बंद करून आली. मांडीतल्या नसेतून तार घालून करतात. परत आल्यावर सुखदेव मला म्हणाला, "मॅडम, आता हे बराबर झाली, पण मले बोलणं दुप्पट झालं." तो तिला नाटक कंपनी म्हणायचा थांबला नाही, पण त्या दिवसांत स्वयंपाक त्यानेच केला, आणि तो कसा केला याचं वर्णन वच्छला पुढे कैक वर्षं करत असे.

आता एक गोष्ट लिहायलाच हवी. मी पंचवीस वर्षं बायकांना कडी, जोडवी, बांगड्या काढायला लावल्या. त्यातल्या किती जणींची चिमणी माझ्या स्टुलावर उडून गेली असेल? किती जणी 'नॉर्मल' लिहिलेला कागद घेऊन, मनाचं आहे हे ऐकून घरी गेल्या असतील? मला माहीत नाही आणि आता कळायचा मार्ग नाही. मनगट माझ्या हातात असायचं, चिमटा लावायला. त्याच मनगटावर दोन बोटं ठेवायला किती वेळ लागला असता. नाडी पाहणं हे डॉक्टरांचं काम, असं मी समजत होते. त्या दिवसानंतर निवृत्त होईपर्यंत मी आधी नाडी पाहिली, मग लगेच चिमटे लावले. दागिने रेघ थरथरली तरच काढायला सांगितले. रेघ फारशी थरथरली नाही.

वच्छला पुढे दर मंगळवारी माझ्याकडे येऊ लागली. सौंसरला काही ना काही काम काढायची. मी वाचून दाखवायची, ती ऐकायची. गोष्टीत कोणी आजारी पडलं की ती मध्येच विचारायची, "कागद काढला का त्याचा?" माणसं उगाच तीन पानं विचार करत बसली की म्हणायची, "याले कामधंदा नाही का, ताई?" तिच्यामुळे मी कितीतरी चांगली मानलेली पुस्तकं अर्धी सोडली आणि मला त्याचा पश्चात्ताप नाही. ताई, ताई म्हणत ती कधी माझ्या घरची झाली ते कळलं नाही. मी लग्न केलं नाही. मला मंगळवार पुरत होता.

शाळेचा स्वयंपाक तिने शेवटच्या महिन्यापर्यंत केला. समूहाने तिला कधी घरी बसायला सांगितलं नाही.

आता शाळेत तिची सून स्वयंपाक करते. कमलाबाई थकल्या आहेत, पण गंज उतरवताना अजून दोघी लागतात, असा त्यांचा हुकूम आहे आणि तो पाळला जातो. मंगळवारी दुपारी माझ्याकडे कोणी येत नाही. मी तेव्हा वाचते, मनात.